गेटबाहेरचा माठ

एप्रिलमध्ये आमच्या सोसायटीच्या ग्रुपवर एक फोटो आला. गेटबाहेर तिवईवर लाल माठ, साखळीने बांधलेला स्टीलचा पेला आणि वर पाटी: 'सफाई कामगार, घरकाम करणाऱ्या महिला व डिलिव्हरी बॉय यांच्यासाठी'. खाली हात जोडलेल्या इमोजींची रांग लागली होती. त्यात माझाही एक होता. वर्गणीचे २०० रुपये तर मी आधीच देऊन बसले होते.

दोन-तीन दिवसांनी कचरा न्यायला येणाऱ्या ताई लॉबीत घाम पुसत उभ्या दिसल्या. शेजारीच थंड पाण्याचा कूलर. म्हटलं, "ताई, घ्या की इथलंच." तर म्हणाल्या, "नको बाई, आमचं बाहेर ठेवलंय ना."

आमचं बाहेर ठेवलंय. माठ यायच्या आधी त्या अधूनमधून, कोणी बघत नाही असं पाहून का होईना, कूलरचं पाणी प्यायच्या. आता तेही थांबलं. आम्ही पुण्य कमावलं आणि त्यांची जागा पक्की करून टाकली.

कोणी म्हणेल, आपल्याकडे पाणपोईची परंपराच आहे. आहे ना. चैत्र लागला की एसटी स्टँडजवळ, बाजारात रांजण दिसायचे. पण खऱ्या पाणपोईवर पाणी कोणासाठी आहे याची पाटी नसते. (आणि उगाच जुन्या दिवसांचे गोडवे गायलाही नकोत. काही जणांना पेला न देता ओंजळीत वरून पाणी ओतणाऱ्या पाणपोयाही याच महाराष्ट्रात होत्या.)

शाळेत आम्ही महाड दोन ओळींत उरकलं: चवदार तळं, २० मार्च १९२७. पुढे वाचत गेले तेव्हा कळलं की कागदावर ते तळं आधीच खुलं झालेलं होतं. सार्वजनिक पाणवठे सर्वांना खुले करावेत हा समाजसुधारक सी. के. बोले यांचा ठराव मुंबई कायदेमंडळात १९२३ साली मंजूर झाला, १९२४ साली महाड नगरपालिकेने तळं खुलं केल्याचा ठराव केला. तरी अस्पृश्य मानल्या गेलेल्यांपैकी कोणाची पाण्याला हात लावायची छाती होईना. १९२७ साली बाबासाहेबांच्या महाडमधल्या परिषदेला जमलेल्या लोकांसाठी पिण्याचं पाणी ४० रुपयांना विकत घ्यावं लागलं होतं. गावात तळं भरलेलं असताना! लोक पाणी प्यायले तेव्हा मारहाण झाली, आणि मग १०८ घागरी पाणी काढून, पंचगव्य ओतून तळं 'शुद्ध' करून घेतलं गेलं. तळ्यावर गुरंढोरं पाणी प्यायची, त्याने ते बाटत नव्हतं.

माझं लक्ष अडकलं ते पुढच्या कोर्टकज्ज्यात. विरोधकांचं म्हणणं होतं, तळं आमच्या खासगी मालकीचं आहे. उच्च न्यायालयाने ते फेटाळेपर्यंत १९३७ उजाडलं. ओंजळभर पाण्यासाठी दहा वर्षं. आणि त्यानंतरही १९७०च्या दशकात समाजसेवक बाबा आढावांना 'एक गाव, एक पाणवठा' म्हणत गावोगाव हिंडावंच लागलं.

परवाच्या मीटिंगमध्ये मी एवढंच सुचवलं की माठाची पाटी काढा, आणि कूलर सगळ्यांना आहे असं वॉचमनला सांगून ठेवा. एक काका म्हणाले, "लॉबी सभासदांच्या मालकीची आहे." शब्द ओळखीचे वाटले. दुसरे म्हणाले, "पाटीवर जात कुठे लिहिलीय?" नाही लिहिली. पण आपल्या शहरात झाडू आणि कचरा पिढ्यान्‌पिढ्या कोणाच्या वाट्याला आलाय, हे त्या खोलीतल्या प्रत्येकाला ठाऊक होतं. मग अर्थातच 'हायजीन' आलं. रोज आपली घाण हाताने वेगळी करणारी बाई नळाला लागली की हायजीन बिघडतं, आणि आपण ओला-सुका एकाच पिशवीत कोंबून देतो तेव्हा मात्र बिघडत नाही. राज्यघटनेच्या कलम १५मध्ये दुकानं, हॉटेलं, विहिरी, तलाव, स्नानघाट, रस्ते यांची नावं घेऊन भेदभावाला मनाई केली आहे. आमचा कूलर त्यात बसतो का, हे वकिलांनी ठरवावं. विषय पुढच्या मीटिंगवर ढकलला.

तावातावाने बोलून घरी आले. ओट्याशी गेले आणि फळीवर कोपऱ्यात तो दिसला. कान तुटलेला, निळ्या फुलांचा कप. आमच्या मावशींचा. अकरा वर्षं आम्ही त्यांना मावशी म्हणतोय आणि अकरा वर्षं चहा त्याच कपात. माझ्या सख्ख्या मावशीला मी असा कप पुढे केला असता, तर तिने तो माझ्याच डोक्यात घातला असता.

दुसऱ्या दिवशी त्यांना आमच्यातल्याच कपात चहा दिला. त्यांनी कप हातात धरून फळीकडे पाहिलं. "माझा कुठं गेला?"

"फुटला," म्हटलं.

खरं कारण सांगायला जीभ रेटली नाही. कप अजून माळ्यावर आहे.