“वॉरंटशिवाय लोकेशन नाही” : निकाल खरा, देश दुसरा

“सर्वोच्च न्यायालयाचा ऐतिहासिक निकाल : पोलिसांना आता वॉरंटशिवाय तुमच्या मोबाइलचे लोकेशन मिळणार नाही” अशा मथळ्याचा एक संदेश सध्या घरोघरच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर फिरतो आहे. त्यात चार दावे आहेत : हा निकाल 2018 साली लागला; हरवलेल्या माणसाचे लोकेशनही चोवीस तास उलटल्यावर आणि कोर्टाच्या आदेशानेच मिळते; “माझी माहिती कोणालाही देऊ नये” असे मोबाइल कंपनीला लेखी कळवले की ते तिच्यावर बंधनकारक होते; आणि टॉवर लोकेशन पुरावा म्हणून चालत नाही. माझ्या मावशीने तो वाचला आणि मला फोन करून विचारले, की काका पुन्हा वाट चुकले तर आधी वकील गाठायचा का. काकांना विस्मरणाचा आजार आहे. असा प्रश्न तिला पडावा, हे त्या संदेशाने केलेले नुकसानच आहे आणि ते मला सहन होत नाही.

ज्या निकालाचा हवाला दिला आहे, तो 22 जून 2018 रोजी अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने ‘कार्पेंटर विरुद्ध युनायटेड स्टेट्स’ या खटल्यात दिला. दरोड्यांच्या तपासात तिथल्या यंत्रणेने वॉरंट न घेता आरोपीच्या मोबाइलच्या 127 दिवसांतील 12,898 लोकेशन नोंदी मिळवल्या होत्या, आणि सरन्यायाधीश जॉन रॉबर्ट्स यांनी पाच विरुद्ध चार अशा बहुमताने ते घटनाबाह्य ठरवले. त्याचा आधार अमेरिकी राज्यघटनेची चौथी दुरुस्ती, म्हणजे सरकारच्या अवाजवी झडती-जप्तीपासून नागरिकांना संरक्षण देणारी तरतूद, हा आहे. भारतातल्या पोलिसांना तो निकाल लागू होत नाही. आपल्याकडे 1 जुलै 2024 पासून भारतीय नागरिक सुरक्षा संहिता हा फौजदारी प्रक्रियेचा कायदा लागू आहे आणि तिच्या कलम 94 खाली न्यायालय किंवा पोलीस ठाण्याचा प्रभारी अधिकारी लेखी आदेशाने अशा नोंदी मागवू शकतो. त्यासाठी वॉरंट लागत नाही.

दुसरा दावा मात्र नुसता चुकीचा नाही, तो जिवावर बेतणारा आहे. हरवल्याची तक्रार देण्यासाठी चोवीस तास थांबावे, असे आपल्या कोणत्याही कायद्यात नाही. फोन चालू असतो तोवर तो कोणत्या टॉवरच्या कक्षेत आहे हे कंपनीला कळत राहते; बॅटरी संपली की हाती उरतो तो शेवटचा टॉवर. शहरात एका टॉवरची कक्षा काही शे मीटर असते, पण ग्रामीण भागात ती कित्येक किलोमीटर पसरते, आणि पायी निघालेला माणूस चोवीस तासांत भलतीकडेच पोचलेला असतो. म्हणून पहिल्या तासातच पोलीस ठाणे गाठावे, मिसिंगची नोंद करून तिची प्रत घ्यावी, मोबाइल नंबर आणि शेवटचे बोलणे कधी झाले ती वेळ द्यावी, आणि पोलिसांच्या मागण्या हाताळणाऱ्या कंपनीच्या नोडल अधिकाऱ्याकडे लोकेशनची मागणी ताबडतोब पाठवा असा आग्रह धरावा. संदेश लिहिणाऱ्याने तो अमेरिकी निकाल वाचला असता तरी हा दावा टिकला नसता, कारण एखाद्याच्या जिवाला तातडीचा धोका असेल तर वॉरंटवाचून लोकेशन मिळवता येईल, असे त्याच निकालपत्रात म्हटले आहे.

लेखी कळवण्याचा उपाय निव्वळ भाबडा आहे. परवान्याच्या अटींनुसार कंपन्यांना कॉलच्या नोंदी किमान दोन वर्षे जपून ठेवाव्याच लागतात, आणि वैयक्तिक डेटा संरक्षणाच्या 2023 च्या कायद्यातही गुन्ह्याच्या तपासासाठी सूट ठेवलेली आहे. ग्राहकाच्या पत्राने यातले काहीही बदलत नाही.

संदेशात अर्धसत्य आहे, ते नाइलाजाने का होईना मान्य करतो. पोलिसांना मोकळे रान नाही. 2013 मध्ये अरुण जेटली यांच्या कॉलच्या नोंदी अनधिकृतपणे मिळवल्याचे प्रकरण गाजल्यानंतर अशी मागणी पोलीस अधीक्षक किंवा त्यावरच्या दर्जाच्या अधिकाऱ्यामार्फतच जावी, अशा सूचना केंद्रीय गृह मंत्रालयाने दिल्या. 24 ऑगस्ट 2017 च्या पुट्टस्वामी निकालाने खासगीपणा मूलभूत हक्क ठरवला. 8 जुलै 2024 रोजी ‘फ्रँक व्हायटस’ प्रकरणात आपल्याच सर्वोच्च न्यायालयाने, आरोपीने गूगल मॅपवरचे आपले लोकेशन तपास अधिकाऱ्याला उपलब्ध ठेवावे ही जामिनाची अट रद्द केली; जामिनावरच्या आरोपीच्या खासगी आयुष्यात तपास यंत्रणेला सतत डोकावू देता येणार नाही, असे न्यायालयाने म्हटले. तरीही जुन्या लोकेशन नोंदी मागवण्याआधी न्यायाधीशाची परवानगी घेणे आपल्याकडे सक्तीचे नाही, ही माझ्या मते मोठी उणीव आहे. ती भरून निघाली असे हा संदेश खोटेच सांगतो, आणि ते खरे मानणारा माणूस लोकप्रतिनिधीकडे तशी मागणी तरी का करील?

राहिला पुराव्याचा मुद्दा. टॉवर लोकेशनवरून फोन साधारण कुठे होता एवढेच कळते, तो कोणाच्या हातात होता हे कळत नाही, हे खरे; पण ते पुरावा म्हणून चालते. जालना मतदारसंघाच्या निवडणुकीवरून झालेल्या अर्जुन खोतकर विरुद्ध कैलास गोरंट्याल खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने 2020 मध्ये इलेक्ट्रॉनिक नोंदींच्या प्रतीसोबत ती कशी तयार झाली हे सांगणारे प्रमाणपत्र अनिवार्य ठरवले, आणि आता तशीच तरतूद भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम 63 मध्ये आहे. कंपनीचे ते प्रमाणपत्र जोडलेले असेल, तर न्यायालय या नोंदी इतर पुराव्यांच्या जोडीने तपासते.