चिक्कोडीच्या ताईंना उत्तर: शिमोग्याची सीट मी का सोडली

ताई, नमस्कार.

तुमची प्रतिक्रिया नाइट ड्यूटीत वाचली आणि मोबाइल पालथा घालून ठेवला. चार दिवस उत्तर लिहिलं नाही, कारण जे लिहीत होते ते सगळं भांडण होत होतं.

ज्यांनी आधीचा लेख वाचला नाही त्यांच्यासाठी थोडक्यात: मी निपाणीची, वय ३३, स्टाफ नर्स. नवरा जाऊन पाच वर्षं झाली. मुलगा मराठी शाळेत तिसरीत. बारावी सायन्स करून घरच्या परिस्थितीमुळे नर्सिंगला गेले होते. २०२२ मध्ये नीटची कमाल वयाची अट काढली तेव्हा पुस्तकं पुन्हा उघडली. गेल्या वर्षी शिमोग्याच्या सरकारी मेडिकल कॉलेजात सीट लागली आणि मी ती सोडली. त्यावर ताई लिहितात: "सरकारी सीटची किंमत तुम्हाला कळली नाही. माझी मुलगी त्याच राउंडला थोडक्यात हुकली. एक वर्ष काढून बेळगावला बदली घ्यायची होती. आनंदीबाई साता समुद्रापार गेल्या, तुम्हाला शिमोगा लांब वाटलं. पुरुषानं अशी सीट सोडली असती का? आईपण हे निमित्त आहे."

आधी तुमचं बरोबर आहे ते. लेखात मी 'त्याग' हा शब्द वापरला होता, तो मागे घेते. दुसऱ्याच्या पोरीची झोप उडालेली असताना आपण त्यागाच्या गोष्टी सांगाव्यात हे बरं दिसत नाही. आणि माझ्या हातून एक चूकही झाली. केईएच्या, म्हणजे कर्नाटकात मेडिकलच्या सीटा वाटणाऱ्या संस्थेच्या, पहिल्या राउंडला सीट लागली की चार चॉइस असतात: घेतली, घेतली पण पुढच्या राउंडला वरच्या पसंतीसाठी थांबते, नको पण पुढच्या राउंडला थांबते, आणि मला काहीच नको. मी तिसरा दाबला. दुसरा दाबला असता तर फी भरून शिमोगा हातात राहिलं असतं. तेव्हा फी भरायला पैसे जमवायचे म्हणजे सोसायटीचं कर्ज काढायचं होतं, आणि मला वाटलं बेळगाव लागेलच. नाही लागलं. हे लेखात लिहायला मला लाज वाटली, म्हणून त्याग लिहिलं.

बदलीचं मात्र चुकीचं आहे. पूर्वी व्हायची, २०२३ च्या नियमांनी एका मेडिकल कॉलेजातून दुसऱ्यात जाणं बंद केलं. शिमोगा म्हणजे शिमोगाच, साडेचार वर्षं आणि वर एक वर्ष इंटर्नशिप. माझा मुलगा तोवर आठवीत.

कोल्हापूर का नाही, असंही एकानं विचारलंय. घरापासून चाळीस किलोमीटर, खरं आहे. पण माझी दहावी-बारावी कर्नाटकातली. सीमाभागातल्या ८६५ गावांच्या मराठी मुलांसाठी महाराष्ट्रात वेगळ्या जागा आहेत, पण अगदी थोड्या. तिथं माझा नंबर लागला नाही.

आता आनंदीबाई. त्या १८८३ साली अमेरिकेला निघाल्या तेव्हा अठरा वर्षांच्या होत्या, आणि त्यांचं बाळ दहा दिवसांचं होऊन आधीच गेलं होतं. त्यांच्या मोठेपणाबद्दल मी काय बोलणार? पण बोटीवर चढताना मागे शाळेत जाणारं पोर नव्हतं. परत आल्यावर कोल्हापूरच्या अल्बर्ट एडवर्ड हॉस्पिटलात त्यांना काम मिळालं होतं. तिथं रुजू व्हायच्या आधीच १८८७ मध्ये त्या गेल्या. त्यांचं नाव घेऊन मला ढकलू नका एवढंच.

ताई, तुम्ही 'मुलगा आजीकडे राहिला असता' असं म्हणताय. माझी आईही तेच म्हणाली होती. "तू जा गं, पोराचं बघतो मी." पन्नास वर्षं मांडीवर सूप घेऊन विड्या वळलेली बाई. तिच्या शब्दावर मी अर्धी तयारी केली होती. मग ती रात्र आली. मी ड्यूटीवर, दीडला फोन, आणि पलीकडून नुसता पोराच्या श्वासाचा शिट्टीसारखा आवाज. वॉर्ड सोबतच्या सिस्टरवर सोपवून घरी दहा मिनिटांत पोचले. आईनं त्याला मांडीवर घेतलेलं, छातीला निलगिरी चोळलेली आणि दम्याचा पंप तोंडाशी. बरोबर धरला होता, मी शिकवला तसा. पण पंपाच्या पाठीमागचा, किती डोस उरले ते दाखवणारा आकडा शून्यावर आलेला. म्हातारी पंधरा मिनिटं त्यातून नुसती हवा दाबत होती. बरगड्यांमधली कातडी आत ओढली जात होती, आणि ती त्याला सांगत होती, "झालं बाळा, औषध गेलं बघ आत."

आकडा बघायचं काम माझं होतं. मी विसरले होते. पण मी दहा मिनिटांवर होते म्हणून ती विसरणी निभावली. शिमोग्याहून मी दुसऱ्या दिवशी पोचले असते. कर्नाटकच्या शक्ती योजनेत बायकांना बस फुकट आहे हे तुम्ही आवर्जून लिहिलंय, पण ताई, फुकट बससुद्धा हावेरी, राणेबेन्नूर करतच जाते.

मग बरोबर न्यायचं का, तेही बघून आले. दोन दिवस रजा काढून शिमोगा फिरले. होस्टेलात मूल ठेवता येत नाही. खोली बघायला गेले तर घरमालकीण चांगली होती, कॉफी दिली, मग विचारलं, "निम्म यजमान्रु एनु माडतारे?" यजमान काय करतात. नाहीत म्हटल्यावर 'फोन करते' म्हणाली. फोन आला नाही. भाषेची मला अडचण नव्हती. आमच्याकडं पेशंटला 'एल्लि ब्यानि ऐति', कुठं दुखतंय, असं विचारायचं, तिथं 'ब्यानि'ला 'नोवु' म्हणायचं, एवढाच फरक. पोराची अडचण होती. आत्ता कुठं जोडाक्षरं वाचायला लागलाय आणि तिथं त्याला मराठी शाळा नाही. शिवाय हजेरी: थिअरीला ७५ टक्के, प्रॅक्टिकलला ८० टक्के. तो आजारी पडला की ह्यातून किती दिवस काढायचे, ते कागदावर मांडून बघितलं. एका दम्याच्या हिवाळ्यातच गणित संपलं.

पुरुषानं सोडली असती का? नसती. त्याच्या पोराचा पंप बायकोनं बघितला असता. तुम्ही प्रश्न बरोबर विचारलात, फक्त मला विचारून काय उपयोग?

आईपण निमित्त आहे का, ह्यावर मात्र खरंच विचार केला. थोडंसं असेलही. तेहतिसाव्या वर्षी अठराच्या पोरांच्या बाकावर बसायची भीती मला होती, आणि सीट सोडल्याच्या संध्याकाळी मला रडू येण्याआधी हायसं वाटलं होतं. हे आईलाही सांगितलेलं नाही.

यंदा पुन्हा नीट देतेय. बेळगावात शहापूरला धाकटी बहीण आहे, तिच्या गल्लीत मराठी शाळा आहे, त्यामुळे बेळगाव पहिली पसंती, हुबळी दुसरी. शिमोगाही यादीत ठेवणार आहे, खाली. ह्या वेळी लागलं तर चॉइस दोन. पंपाचा आकडा आता पोरगा स्वतः मोठ्यानं वाचतो, रोज रात्री, आणि वीसच्या खाली गेला की आजी भिंतीवर खडूनं रेघ मारते.

एक राहिलं. मी पहिल्या राउंडलाच सोडली म्हणजे ती सीट दुसऱ्या राउंडला कुणाला तरी गेली असणार. तुमच्या मुलीला दुसऱ्या राउंडला काय मिळालं, ते तुम्ही लिहिलं नाहीत. लिहा.