बॅरोमीटरचा 996 आणि ढगफुटीची अफवा

घोडबंदर ते नेरूळ, सोसायट्यांच्या ग्रुपवर सध्या एक मेसेज फिरतोय. सोबत मोबाइलमधल्या बॅरोमीटरचा, म्हणजे हवेचा दाब मोजणाऱ्या सेन्सरचा स्क्रीनशॉट, आकडा 996 मिलिबार (दाबाचं एकक). मजकूर असा: 'नॉर्मल दाब 1013. आपल्यावर कमी दाबाचा पट्टा आलाय. ऑक्सिजन घटलाय, ज्येष्ठांनी बाहेर पडू नये. दुपारी दाब आणखी उतरला तर दोन तासांत ढगफुटी!'

1013 ही प्रमाण म्हणून धरलेली जागतिक सरासरी. जानेवारीत ती ठाण्याला बऱ्यापैकी जुळते. जुलैत इथे समुद्रसपाटीचा दाब 1003-1005 मिलिबारच्या घरातच असतो. राजस्थान-पाकिस्तानकडची जमीन उन्हाळ्यात तापून तिथला दाब घटतो, म्हणून तर मान्सून इकडे ओढला जातो! मग 996 आला कुठून? फोनचा सेन्सर तुम्ही उभे असता तिथला दाब दाखवतो, आणि दर आठ-नऊ मीटर चढलं की एक मिलिबार कमी होतो. टॉवरचा पंचविसावा मजला म्हणजे आठेक मिलिबार गेलेच. तोच फोन लिफ्टने खाली पार्किंगमध्ये न्या, पट्टा आपोआप विरेल.

ऑक्सिजनचं म्हणाल तर 1013 वरून 1003 म्हणजे एक टक्क्याची घट. माथेरान सुमारे 800 मीटरवर, तिथे ती नऊ टक्क्यांच्या आसपास. आणि आजी-आजोबांना हवापालटाला आपण नेतो तिथेच.

दुपारी दाब उतरतो हे मात्र खरं. फक्त तो रोजच उतरतो, फेब्रुवारीच्या कोरड्या उन्हातसुद्धा. ठाणे खाडीसारखी हवेलाही दिवसातून दोनदा भरती-ओहोटी असते, पण ती सूर्याच्या उष्णतेने. दाब सकाळी आणि रात्री दहाच्या सुमारास चढतो. पहाटे आणि दुपारी चारच्या सुमारास तीनेक मिलिबार खाली येतो. यावरून ढगफुटी सांगायची तर ती रोज दोनदा व्हायला हवी. 26 जुलै 2005 ला सांताक्रूझला 944 मिलिमीटर पाऊस झाला, कुलाब्याला 73. वीस-पंचवीस किलोमीटरवर दाब असा कितीसा वेगळा असणार?

आता तो पट्टा. आपल्याकडच्या मुसळधारेला दाब कारणीभूत असतो, पण फोनमधला एकटा आकडा नव्हे, दोन ठिकाणांमधला फरक. बंगालच्या उपसागरात कमी दाबाचं क्षेत्र तयार होऊन ओडिशा, मध्य प्रदेशाकडे सरकलं की अरबी समुद्रावरचे पश्चिमेचे वारे जोर धरतात. बाष्पाने भरलेली ही हवा ठाण्याजवळच्या येऊर, पारसिकच्या टेकड्या ओलांडून सह्याद्रीवर चढते आणि कोकण झोडपून निघतं. कमी दाब तिकडे भोपाळजवळ, पाणी इकडे ठाण्यात वंदना टॉकीजपाशी! त्यात दक्षिण गुजरात ते केरळ किनाऱ्यालगतचा कमी दाबाचा पट्टा सक्रिय असला तर विचारूच नका. पुढच्या दोन तासांचं पाहायचं असेल तर मुंबईच्या डॉपलर रडारचं, म्हणजे पावसाचे ढग कुठे आहेत, कुठे सरकताहेत ते टिपणाऱ्या रडारचं चित्र हवामान विभागाच्या संकेतस्थळावर फुकट दिसतं.