पिंच रनरचा बाप

मुलगी कॉलेजच्या सॉफ्टबॉल संघात निवडली गेली की लोक अभिनंदन तिचं करतात. विचारपूस मात्र तिच्या आईबापांची करायला हवी, आणि तीही जानेवारी संपायच्या आत. कारण अमेरिकेतल्या कॉलेज सॉफ्टबॉलचा, म्हणजे बेसबॉलच्या या धाकट्या भावंडाचा, मोसम फेब्रुवारीच्या सुरुवातीलाच उघडतो आणि आम्ही राहतो मिशिगनमध्ये. त्या दिवसांत आमच्याकडे मैदान नेमकं कुठे आहे हे बर्फातून डोकावणाऱ्या कुंपणावरून ओळखावं लागतं. मुली बंदिस्त हॉलमध्ये सराव करतात आणि सामने खेळायला दर शनिवार-रविवारी ऊन असलेल्या एखाद्या राज्यात जातात. मोसमात जास्तीत जास्त ५६ सामने खेळता येतात. घरच्या मैदानावरचा बर्फ वितळेपर्यंत त्यातले बरेचसे परमुलखात उरकलेले असतात.

गंमत म्हणजे हा खेळ जन्मला तोच थंडीत, घराच्या आत. १८८७ साली थँक्सगिव्हिंगच्या दिवशी शिकागोच्या एका बोट क्लबात काही मंडळी येल-हार्वर्डच्या फुटबॉल सामन्याचा निकाल कळायची वाट पाहत बसली होती. निकाल आला, पैजेचे पैसे चुकते झाले आणि आनंदाच्या भरात कुणीतरी बॉक्सिंगचा ग्लोव्ह भिरकावला. समोरच्याने तो काठीने टोलवला. जॉर्ज हॅन्कॉक नावाच्या गृहस्थांनी लगेच तोच ग्लोव्ह करकचून बांधून त्याचा चेंडू केला, जमिनीवर खडूने रेघा मारल्या, आणि झाला खेळ सुरू. म्हणजे थंडीत बाहेर पडायला नको म्हणून काढलेला उद्योग. तो पाहायला आम्ही मात्र पहाटे गाडीवरचा बर्फ खरवडून विमानतळ गाठतो आणि अर्धा देश ओलांडून वाळवंटात उतरतो.

आमचं वाळवंट होतं कॅलिफोर्नियातलं, पाम स्प्रिंग्जच्या शेजारचं कॅथीड्रल सिटी. दर फेब्रुवारीत तिथे मेरी नटर कॉलेजिएट क्लासिक नावाची स्पर्धा भरते. एकाच संकुलात बरीच मैदानं, आणि प्रत्येक मैदान म्हणजे बेसबॉलच्या एखाद्या नामांकित स्टेडियमची छोटी नक्कल. बोस्टनचं फेनवे, शिकागोचं रिग्ली, न्यूयॉर्कचं यँकी स्टेडियम, सगळी एकमेकांपासून चालत अंतरावर. मागे बर्फाची टोपी घातलेला सॅन हसिंटो डोंगर, खाली ताडामाडांची रांग. एवढ्या देखण्या जागी माणूस सुट्टीला येतो. आम्ही आलो होतो आमच्या लेकीला पळताना बघायला, तेही ती पळालीच तर.

कारण आमची लेक पिंच रनर आहे. हे काय असतं ते डेट्रॉइटकडच्या मराठी मंडळींना सांगून मी थकलो. त्यांच्या मुलांचं काम सोपं असतं. भरतनाट्यमचं अरंगेत्रम झालं, की झालं. गणिताच्या स्पर्धेत नंबर आला, की आला. माझ्या लेकीची पोझिशन विचारली की मी म्हणतो, "ती दुसऱ्याच्या बदली पळते." समोरच्याच्या चेहऱ्यावर जी काळजी दाटते, ती पाहून मलाच त्याला पाणी विचारावंसं वाटतं. "स्कॉलरशिप आहे ना पण?" नाही. "मग?" या "मग"चं उत्तर मला अजून सापडलेलं नाही.

तर, आमच्या संघाची कॅचर, म्हणजे बॅटरच्या मागे बसून चेंडू झेलणारी, उत्तम आहे. पण अख्खा सामना उकिडवं बसून काढल्यावर तिला पळायचा कंटाळा येतो. ती फटका मारून बेसवर, म्हणजे धावेच्या वाटेवरच्या एखाद्या टप्प्यावर, पोचली की कोच आमच्या लेकीला पाठवतात. ही पळते. डाव संपला की कॅचर परत येते, कारण सुरुवातीच्या संघातल्या खेळाडूला एकदा बाहेर जाऊन परत यायची मुभा असते. बदली आलेलीला ती नसते. ती बाहेर गेली की त्या सामन्यापुरती गेली. म्हणजे हेल्मेट चढवायचं, पंधरा-वीस सेकंद जिवाच्या आकांताने धावायचं आणि उरलेला दिवस डगआउटच्या, म्हणजे खेळाडूंच्या बाकांपुढच्या, कठड्याला टेकून इतरांसाठी गाणी म्हणायची. गाणी म्हणण्यात मात्र ती संघात पहिली आहे. प्रत्येक बॅटरसाठी वेगळं गाणं, तालावर टाळ्या, मधेच कोरस. बालपणी तिला गणपतीच्या आरतीला उभं करताना आम्हाला घाम फुटायचा.

या खेपेला माझ्यासोबत माझी आत्या होती. अमरावतीहून आलेली, शाळेतून निवृत्त झालेली पी.टी.ची बाई. हनुमान व्यायाम प्रसारक मंडळातून शिकलेली, विदर्भातल्या शाळांच्या मुली एस.टी.त घालून सॉफ्टबॉलच्या स्पर्धांना नेलेली. बायकोला सुट्टी नव्हती. आत्याला मिशिगनमध्ये खिडकीतून बर्फ बघण्यापलीकडे काही काम नव्हतं. तिचं तिकीट काढताना मला वाटलं होतं, चला, हिला जरा ऊन मिळेल.

पहिल्याच सामन्यात आमच्या बॅटरने तिसरा स्ट्राइक हुकवला, म्हणजे एरवी आऊटच. मी हळहळून खाली बसतोय तोच शेजारून आरोळी आली, "अवो, पळ नं माय! कॅचरच्या हातून सुटला थो!" ती पळाली, पहिल्या बेसवर पोचली, सेफ. मी आत्याकडे बघितलं. "पहिला बेस रिकामा असन तं आऊट होऊनही पळता येते," ती म्हणाली. "तुले मालूम नाही? मंग दरवर्षी येऊन काय पाह्यतं तू?"

मी काय पाहतो ते खरं तर ठरलेलं आहे. क्रिकेटचं पीच ६६ फुटांचं. इथे पिचर उभी राहते ४३ फुटांवर, हात पूर्ण गोल फिरवून खालून चेंडू सोडते आणि तो ताशी शंभर किलोमीटरच्या वेगाने येतो. अर्ध्या सेकंदाच्या आत सगळं आटोपतं. मी आधी चेंडू शोधतो, मग बॅट शोधतो, मग लोक कुठे बघतायत ते बघतो, आणि त्यांच्या पाठोपाठ टाळ्या वाजवतो. डावखुऱ्या मुली तर बॅट फिरवता फिरवताच पहिल्या बेसकडे धावत सुटतात. लहानपणी आमच्या गल्लीत असं कुणी केलं असतं तर त्याला बॅट ठेवून घरी पाठवलं असतं.

खेळापेक्षा खेळाडूंचे आईबाप समजायला सोपे. पिचरचे वडील कधीही बसत नाहीत. ते लेफ्ट फील्डच्या कुंपणापाशी एकटेच येरझाऱ्या घालतात, त्यांच्याशी कुणी बोलत नाही आणि तेही कुणाशी बोलत नाहीत. कॅचरची आई मोबाइलवर प्रत्येक चेंडूचा हिशेब ठेवते आणि अंपायरचाही ठेवते. शॉर्टस्टॉपच्या घरचे सगळ्यांत आधी येऊन सावलीच्या जागी घडीच्या खुर्च्या मांडतात. ज्यांची मुलगी नियमित खेळते ते पहिल्या रांगेत. ज्यांची बाकावर असते ते खाणं आणतात. असं कुठे लिहिलेलं नाही, पण संत्र्याच्या फोडी, सूर्यफुलाच्या बिया आणि बर्फाचा डबा कुणाच्या हातात आहे त्यावरून मुलीची पोझिशन बिनचूक सांगता येते. आम्ही चिवडा नेतो.

वेळापत्रकावर विश्वास ठेवणारा आईबाप अजून जन्माला यायचाय. एकेका मैदानावर सकाळपासून रात्रीपर्यंत सामने, आणि वरचा सामना लांबला की खालचे सगळे घसरत जातात. कधी त्याच्या उलट. समोरचा संघ आठ धावांनी पुढे असेल तर पाच डावांतच खेळ थांबवतात. आमची एक मॅच अशी थांबली, कारण समोर राष्ट्रीय क्रमवारीतला संघ होता. एवढ्या लांबून येऊन इतक्या झटपट हरलो याचं वाईट वाटावं, की जेवायला वेळ मिळाला याचं बरं वाटावं, हे ठरेना. आत्याने प्रश्न सोडवला. "चाल, यूसीएलएवाल्या कोन्या मैदानावर हायेत थे पाहू." ज्या कॉलेजच्या नावावर डझनभर राष्ट्रीय विजेतेपदं आहेत ते शेजारच्या मैदानावर खेळतंय आणि आपण सँडविच खातोय, हे तिला पटणारं नव्हतं.

आणि थंडी. मिशिगनहून येणारा प्रत्येक बाप कॅलिफोर्निया म्हणून अर्धी चड्डी घालून येतो. सूर्य डोंगरामागे गेला की वाळवंट पंधरा मिनिटांत आपलं खरं रूप दाखवतं. रात्रीच्या सामन्याला खिंडीतून वारा सुटला तेव्हा आमच्यापैकी निम्मे लोक हॉटेलचे टॉवेल पायांना गुंडाळून बसले होते. आत्या शाल, मोजे आणि कानटोपीसह बंदोबस्तात होती. कॅचरच्या आईने तिच्याकडे जे बघितलं त्याला मी हेवा म्हणेन.

त्याच रात्री माझं नशीब फिरलं. आम्ही तीन धावांनी मागे होतो. मी चिवड्याची रिकामी पिशवी टाकायला कचऱ्याच्या डब्यापाशी गेलो आणि मागे जल्लोष झाला. फटका, दोन धावा. मी परत निघालो तोच पुढची बॅटर आऊट. कॅचरची आई माझ्याकडे वळून म्हणाली, "तुम्ही परत डब्याजवळ जाता का?" मला वाटलं गंमत करतेय. ती गंमत करत नव्हती. मी गेलो. पुन्हा दोन धावा. आम्ही जिंकलो आणि माझी नेमणूक कायम झाली.

आपल्याकडे निदान मांजर आडवं गेलं तर माणूस दोन पावलं थांबून पुढे जातो. इथल्या सुशिक्षित, संगणक चालवणाऱ्या, कर वेळेवर भरणाऱ्या लोकांनी मला उरलेली स्पर्धा कचऱ्याच्या डब्याजवळ उभं ठेवलं. सकाळी ऊन तिथे थेट यायचं. दुपारी नाचोजच्या चीजवर माश्या यायच्या. डब्याजवळून तिसरा बेस आणि होम, म्हणजे जिथे धाव पूर्ण होते ती जागा, स्पष्ट दिसायचं, पण दुसरा बेस एका खांबामागे लपायचा. खुर्ची न्यायला मनाई होती, कारण पहिल्यांदा धावा झाल्या तेव्हा मी उभा होतो. लघुशंकेला जायचं तर दोन डावांच्या मधे. हातात रिकामी पिशवीही ठेवायची. आत्याकडे मी आशेने बघितलं. निदान शास्त्रशुद्ध शारीरिक शिक्षण घेतलेली बाई काही बोलेल. ती म्हणाली, "राह्य नं उभा. तसंही तुले काय समजते."

शेवटच्या दिवशीचा सामना बरोबरीत अडकला. सात डाव संपले, आठवा सुरू झाला. विमानं चुकू नयेत म्हणून असं ठरलेलं होतं की जादा डावात प्रत्येक संघाने आपली एक खेळाडू आयतीच दुसऱ्या बेसवर उभी करायची, म्हणजे निकाल लवकर लागतो. जिचा बॅटिंगचा नंबर त्या डावात सगळ्यांत शेवटी येणार तिला हा मान. ती निघाली आमची कॅचर. कोच डगआउटकडे वळल्या, आणि हेल्मेटचा पट्टा आवळत आमची लेक मैदानात आली. दुसऱ्या बेसवर. म्हणजे खांबामागे.

मी डबा सोडून पाऊल उचललं मात्र, पहिली रांग एका सुरात ओरडली. आत्यासुद्धा! "हलू नको बे तिथून!" ज्या आत्याने मला सायकल शिकवली, तिने कॅचरच्या आईच्या पक्षात मत दिलं. मी मान डावीकडे, उजवीकडे, वाकवता येईल तेवढी वाकवली. खांबाच्या एका बाजूला लेकीचा एक बूट दिसत होता. पुढच्या बॅटरने चेंडू हलकेच समोर पाडला, स्वतः आऊट झाली आणि बूट गायब होऊन पूर्ण मुलगी तिसऱ्या बेसवर प्रकट झाली. मग लेफ्टला उंच, फारसा लांब नसलेला झेल. चेंडू हातात विसावेपर्यंत ती बेसला चिकटून राहिली आणि मग होमकडे निघाली. तिकडून थ्रो निघाला. धूळ उडाली, त्यांच्या कॅचरचा ग्लोव्ह तिच्या पाठीवर आदळला, अंपायरचे दोन्ही हात आडवे पसरले. सेफ.

मी काय ओरडलो ते मला आठवत नाही. शेजारचा सफाई कामगार मात्र डब्याची पिशवी न बदलताच निघून गेला.

त्यानंतर आमची कॅचर परत आत आली, लेक बाहेर गेली, समोरच्या संघानेही आपली एक मुलगी दुसऱ्या बेसवर उभी केली आणि दोन धावा करून सामना जिंकला. बस सुटण्याआधी लेक घामेजलेली, मातीने माखलेली भेटायला आली. मी काही बोलायच्या आत आत्या म्हणाली, "चांगली पळाली पोरी, पन स्लाइड उशिरा मारली तू. अर्धा फूट आधी बसाले पाह्यजे."

"आजी, कोच पण डिट्टो हेच म्हणाल्या," लेक म्हणाली, आणि दोघी तिथेच मातीत पाय घासून अंतर मोजायला लागल्या.

मी खुर्च्यांची घडी घालत होतो. पिचरचे वडील कुंपणापासून सरळ माझ्याकडे चालत आले. आमची इतक्या दिवसांची ओळख, पण त्यांचा आवाज मी पहिल्यांदा ऐकत होतो.

"आमचा विचार चाललाय," ते म्हणाले, "की डबा फक्त आपली बॅटिंग असतानाच चालतो. पुढच्या शुक्रवारी फ्लोरिडात, आपली फील्डिंग असताना तुम्ही कुठे उभं राहाल?"