बी रुजायला पक्ष्याचं पोट लागतंच असं नाही

'पक्ष्याच्या पोटातून गेल्याशिवाय अमुक झाडाचं बी रुजतच नाही', हे वाक्य झाडांवरच्या गप्पांत हमखास येतं. माझ्या मते बहुतेक झाडांच्या बाबतीत ते चूक आहे, आणि त्यापायी पक्ष्याचं खरं काम झाकलं जातं.

खरा अडसर गराचा. त्यात साखर दाट असते, बऱ्याच फळांत उगवण रोखणारी द्रव्यंही असतात. बीला पाणी ओढता येत नाही, वर बुरशी चढते. पक्षी आधी हा गर काढतो. बुलबुलाच्या पोटातून बारीक बी बहुधा तासाभराच्या आतच बाहेर पडतं, पोटात कवच झिजतं म्हणून बी रुजतं म्हणतात, पण तेवढ्यात ते झिजून झिजणार किती? धनेश तर मोठं बी गर सुटल्यावर चोचीवाटेच परत टाकतो.

हे तपासायचं तर विष्ठेतलं बी आणि हाताने धुतलेलं बी एवढी तुलना पुरत नाही. तिसरा गट अख्ख्या फळांचा हवाच; पक्षी नसतील तर जमिनीवर तेच पडणार. प्रत्येक गटात 25 बियांचे 4 संच घ्या, मातीत पेरा, रोज नोंद ठेवा. किती रुजल्या आणि किती दिवसांत रुजल्या, हे आकडे वेगळे मांडा. आणखी एक गफलत नेहमी होते: पक्षी पिकलेलंच फळ निवडतो. तुमच्या गटात कच्ची फळं मिसळली, तर पोटाला फुकटचं श्रेय मिळतं. पोटात भरडलेल्या बिया तर हिशेबातच येत नाहीत. हरियाल उंबरवर्गातल्या बिया पेषणीत (पोटातल्या दळणाऱ्या स्नायूच्या पिशवीत) दळतो, पोपट चोचीनेच फोडतो.

मॉरिशसचा डोडो पक्षी नामशेष झाला आणि त्याच्या पोटातून जाणं थांबल्याने तिथल्या तांबालाकोक झाडाचं बी रुजेनासं झालं, ही गोष्ट अजून फिरते. ती ज्या 1977 सालच्या लेखातून पसरली, त्यात डोडोऐवजी टर्कींना या झाडाच्या 17 आठळ्या चारल्या होत्या. 7 भरडल्या गेल्या, उरलेल्या 10 पैकी 3 रुजल्या. न चारलेल्या आठळ्यांचा गटच नव्हता! त्या आठळ्या पोटातून न जाताही रुजतात, हे पुढे दिसलंच.

रोपवाटिकेत पक्ष्याची नक्कल सोपी आहे. पिकलेली फळं 24 तास भिजवा, चाळणीवर चोळा, गुळगुळीतपणा जाईपर्यंत पाणी बदलत धुवा. जांभळाचं बी वाळू न देता लगेच पेरा, वाळलं की मेलं. कवच झिजवायला आम्ल सरसकट वापरू नका. बी रात्रभर पाण्यात ठेवून फुगलं, तर कवच पाणी अडवत नाही. आम्लाने आतला अंकुर मात्र जळेल.

नक्कल होत नाही ती अंतराची. मूळ झाडाखाली त्याच जातीवर जगणारे किडे आणि बुरशी टपलेल्या असतात. पक्षी बी तिथून लांब नेतो. उजाड जमिनीवर वाळक्या फांद्या रोवल्या, तर पक्षी बसतात आणि बिया टाकतात. पण खालचं दाट गवत आधी काढा, नाहीतर बिया ढीगभर पडूनही रोपं मोजकीच दिसतील.