शेहेचाळीस बाय तीस

मी टीव्ही मालिकांची जुनी पोस्टरं जमवतो. फोटोवाली नव्हे, चित्रकाराने काढलेली. त्यातल्या एकाही मालिकेचा एकही भाग मी पाहिलेला नाही, हे आमची ही पाहुण्यांना चहाआधीच सांगून टाकते.

यात थोडा दोष दूरदर्शनचाही आहे. सिंहगडावरच्या टॉवरवरून पुण्यात १९७३ साली चित्र दिसायला लागलं, पण चॅनल एकच. १९८४ला ‘हम लोग’ आलं, १९८७ला ‘रामायण’ आलं, रस्ते ओस पडले. पोस्टर हवंय कुणाला? वाड्यात ज्यांच्याकडे टीव्ही, त्यांच्या दारातला चपलांचा ढीग हीच जाहिरात. त्यामुळे जुन्या बाजारात बुधवार-रविवार कितीही धूळ खाल्ली तरी सिनेमाची पोस्टरं हाती लागतात, मालिकेचं एकही नाही.

अमेरिकेत सगळंच उलटं. तिथे पीबीएस या जाहिरातींविना चालणाऱ्या सार्वजनिक वाहिनीवर १९७१पासून ‘मास्टरपीस थिएटर’मध्ये ब्रिटिश मालिका दाखवायचे आणि पैसा पुरवायची मोबिल ही तेलकंपनी. मालिकेच्या मध्येच तेल विकायची सोय नव्हती. मग कंपनीने आयव्हन चर्मायेफ, सिमोर क्वास्ट अशा बड्या ग्राफिक डिझायनर मंडळींकडून पोस्टरं करून घेतली. (आपल्याकडे तेलकंपनी फार तर कॅलेंडर देते, तेही ओळख असली तर.) १९८०मध्ये ‘मिस्टरी!’ ही रहस्यकथांची मालिका सुरू झाली. तिची चित्रं एडवर्ड गोरी या अमेरिकन चित्रकाराची. काळ्या कपड्यांतली, लांबोडक्या चेहऱ्यांची माणसं आणि केसासारख्या बारीक रेघांवर रेघा. त्याचं पोस्टर मिळावं म्हणून मी तीन वर्षं भाच्याच्या मागे लागलो होतो. भाचा बॉस्टनला असतो, आणि ती मालिका बॉस्टनच्याच केंद्राची. एवढा योग जुळून आल्यावर मामाने गप्प बसायचं कसं?

गेल्या दिवाळीत त्याने आणलं. नळी दारात ठेवत म्हणाला, “मामा, पुढच्या वेळी बदाम सांगा.”

चाळीसेक वर्षं गुंडाळलेला कागद सहजासहजी सरळ होत नाही. हॉलमध्ये पसरला, एका कोपऱ्यावर खलबत्ता, दुसऱ्यावर इस्त्री, तिसऱ्यावर साबुदाण्याचा डबा आणि चौथ्यावर मी. फोन वाजला, मी उठलो, आणि साबुदाणा दिवाणाखाली गेला. तो अजून निघतोय.

मग नारायण पेठेतला फ्रेमवाला. माप घेऊन म्हणाला, “शेहेचाळीस बाय तीस. कशाला एवढं? ही पांढरी कड छाटतो, चाळीसात बसेल.”

जमवणाऱ्याच्या लेखी कड छाटणं म्हणजे पैठणीचा पदर कापून रुमाल करणं. मी दोन्ही हातांनी पोस्टर झाकलं.

“बरं, मग प्लायवर चिकटवून लॅमिनेशन मारू. पुसलं तरी चालतं.”

“चिकटवायचं नाही. ॲसिड-फ्री माउंट लावा.”

“साहेब, आपल्याकडे ॲसिड नाहीच वापरत. फेविकॉल.”

माउंटच्या पुठ्ठ्यातल्या ॲसिडने कागद कसा पिवळा पडतो, ते मी त्याला समजावलं. काचेला आणि कागदाला मध्ये फट हवी, नाहीतर पावसाळ्यात कागद काचेला धरतो, हेही सांगितलं. त्याने सगळं शांतपणे ऐकून घेतलं आणि विचारलं, “कोणी काढलंय? मुलीने?”

पंधरा दिवसांनी फ्रेम तयार झाली. कड शाबूत होती, कारण मी एक दिवसाआड जाऊन बघून येत होतो. लिफ्टमध्ये ती उभीही मावेना, आडवीही मावेना. म्हणून जुन्या पांढऱ्या चादरीत गुंडाळून मी आणि वॉचमन जिन्याने वर न्यायला लागलो. दुसऱ्या मजल्यावरच्या काकू दार उघडून उभ्या होत्या. चादरीकडे बघून त्यांनी दार हळूच लोटून घेतलं. तेव्हा माझ्या लक्षात आलं नाही.

टीव्हीच्या वर खिळा मारून चित्र टांगलं. आई देवपूजा आटोपून बाहेर आली, चष्मा पुसून बराच वेळ बघत राहिली आणि म्हणाली, “कोण गेलं?”

“कोणी नाही गं. टीव्ही मालिकेचं पोस्टर आहे.”

“मग ही सगळी एवढी सुतकात का?”

मला उत्तर देता आलं नाही. मालिका पाहिली असती तर दिलं असतं.

संध्याकाळी बेल वाजली. काकू होत्या. हातात झाकलेलं पातेलं, मागे काका, तेही अनवाणी. काकूंनी आत डोकावून भिंतीवरच्या काळ्या मंडळींना नमस्कार केला आणि दबक्या आवाजात म्हणाल्या, “काही लागलं तर सांगा हं. आजची चूल पेटवू नका.”

पिठलं-भात होता. खुलासा करायला मी तोंड उघडलं, तेवढ्यात आमच्या हिने मागून चिमटा काढला आणि पातेलं आत घेतलं. पिठलं झालंही होतं झकास, वर लसणाची फोडणी.