छतावरच्या चांदण्यांत रेडियम नसतं

सोसायट्यांच्या ग्रुपांवर परत तोच मेसेज फिरतोय: ‘मुलांच्या खोलीतल्या रेडियमच्या चांदण्या आजच काढा. त्या किरणोत्सर्गी असतात, त्यात स्ट्राँशियम असतं, रात्रभर अतिनील किरण सोडतात.’ खाली हात जोडलेले.

‘रेडियम’ हा घोळ आपणच घातलाय. अंधारात दिसेल ते आपल्याकडे रेडियम. बाइकच्या नंबर प्लेटवरचं तर स्वतः चमकतही नाही, मागच्याच्या हेडलाइटचा उजेड तेवढा परत फेकतं. खरं, किरणोत्सर्गी रेडियम असायचं जुन्या घड्याळांच्या काट्यांवर. १९१७ पासून न्यू जर्सीतल्या कारखान्यात मुली तो रंग लावायच्या, ब्रशला टोक यावं म्हणून तो ओठांत धरायच्या. पुढे कित्येकींचे जबडे सडले. तेव्हा आजोबांचं तसं घड्याळ उघडून खरवडू नका, ती भीती रास्त आहे.

चांदणीचं काय ते घरीच बघा. चार दिवस डब्यात बंद करून ठेवा आणि अंधारात डबा उघडा. काळोख. रेडियमच्या रंगाला उजेड दाखवावा लागत नाही, हिला लागतो. आता तिच्यावर किल्ली ठेवून मोबाइलचा फ्लॅश अर्धा मिनिट मारा. किल्ली उचलली की तिची काळी सावली तशीच उमटलेली दिसेल. सायकलच्या मागच्या लाल दिव्याने हेच केलंत तर जवळपास काहीच होणार नाही, कारण लाल प्रकाशात तेवढी ऊर्जाच नसते.

चांगल्या चांदण्यांत स्ट्राँशियम ॲल्युमिनेट असतं आणि त्यात किंचित युरोपियम व डिस्प्रोसियम ही मूलद्रव्यं. युरोपियममधला इलेक्ट्रॉन अतिनील किंवा निळा प्रकाश गिळून वर उडी मारतो. खाली येताना थोडी ऊर्जा उष्णतेत जाते, उरलेली साधारण ५२० नॅनोमीटरच्या हिरव्या प्रकाशात बाहेर पडते. म्हणजे अतिनील आत जातं, बाहेर येतो हिरवा. मेसेजवाल्याने नेमकं उलटं लिहिलंय. काही इलेक्ट्रॉन वाटेत अडकून पडतात. डिस्प्रोसियममुळे अशा अडकायच्या जागा वाढतात, आणि खोलीच्या उबेने ते हळूहळू सुटत राहतात, म्हणून उजेड तासन्‌तास पुरतो. खोटं वाटलं तर उजेड दाखवलेली चांदणी फ्रीझरमध्ये ठेवा: मंद होईल. बाहेर काढून तळहातावर धरा, पुन्हा उजळेल. (मुलांना हा प्रयोग फार आवडतो.)

हा पदार्थ १९९० च्या दशकात जपानच्या नेमोतो कंपनीने आणला, तोच मुळी घड्याळांना किरणोत्सर्गी रंग लागू नये म्हणून.

राहिलं स्ट्राँशियम. धोकादायक ते स्ट्राँशियम-९०, अणुभट्टीत आणि अणुस्फोटात तयार होणारं. चांदणीतलं खनिजातून आलेलं, स्थिर, म्हणजे किरणोत्सर्गी नसलेलं. दिवाळीतल्या फटाक्यांचा लाल रंगही त्याचाच.

आणि तुमच्या चांदण्या अर्ध्या तासात विझत असतील तर त्या बहुधा जुन्या पद्धतीच्या, तांबं मिसळलेल्या झिंक सल्फाइडच्या असतील. त्यांतही रेडियम नाही.